कागदावरची पूर्व

३ ऑगस्ट

सरांनी आज माझ्या प्लॅनवर चहाचा कप ठेवला. मुद्दाम नाही ठेवला, आणि तेच जास्त लागलं. टेबलावर कप ठेवायला जागा हवी होती आणि तिथे माझं तीन आठवड्यांचं काम पसरलेलं होतं, एवढंच. मग कप उचलून म्हणाले, "हं, काय आणलंयस?" वॉर्डवर तपकिरी गोल उमटला होता.

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाचं डिझाइन. विषय — अंगावरून वारं गेलेले, हाडं मोडलेले, महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेले, अशांसाठी रुग्णालय. सगळ्या वर्गाला एकच विषय, एकच जागा. जागा खरी आहे, एका ट्रस्टची. ट्रस्टवाले सरांच्या ओळखीचे. पहिल्या दिवशी सर म्हणाले होते, "त्यांना आवडलं तर एखादं बांधतीलही." मागून कोणीतरी खुदकन हसलं. दरवर्षी असंच सांगतात म्हणे.

मला काही बांधायचं नाही. मला नुसतं पास व्हायचंय. गेल्या वर्षी बाबा पडले, हजेरी भरली नाही, वर्ष गेलं. माझ्याबरोबरचे आता ऑफिसांमधून कामं करतात आणि रस्त्यात भेटले की "अजून कॉलेजच का?" म्हणून विचारतात. यंदाही वर्ष गेलं तर आई सरळ सांगेल, आता पुरे. आणि तिचंही काही चुकणार नाही.

६ ऑगस्ट

आमच्या घरी रोज दुपारी तीननंतर एक कार्यक्रम असतो. बाबांच्या खोलीत ऊन येतं. आधी पायांवर, मग पोटावर, मग छातीवर, आणि पाचच्या सुमाराला थेट तोंडावर. बाबांना कूस बदलता येत नाही. उजवी बाजू गेलीच आहे. डाव्या हाताने फार तर डोळ्यांवर पंजा धरतात. मग आई हातातलं काम टाकून येते आणि कॉट ओढते. वीतभर. थोड्या वेळाने आणखी वीतभर. पडदा लावला तर वारा बंद होतो आणि बाबा घामाने थबथबतात. पडदा उघडला तर ऊन.

"आर्किटेक्ट होतेयस ना," आई म्हणाली, "मग हे ऊन तेवढं थांबव." चेष्टेतच म्हणाली. पण तिच्या चेष्टेला हल्ली धार असते.

बाबांनी सगळी नोकरी सिनेमाघरातल्या मशीनच्या खोलीत काढली. अंधारात, रिळं चढवत. दुपारचं ऊन त्यांनी फक्त सुट्टीच्या दिवशी पाहिलं असेल. आता रोज मिळतंय, पोटभर.

कॉट समोरच्या भिंतीला लावली तर सगळा प्रश्नच मिटेल. तिथे ऊन येत नाही. पण तिथे माझं ड्रॉइंगचं टेबल आहे. शाईच्या कामाला सारखा, मऊ उजेड लागतो, आणि एवढा मोठा बोर्ड घरात दुसरीकडे कुठे मावत नाही. टेबल तिथेच राहू दे, हे बाबांनीच सांगितलं होतं. तेव्हा त्यांचं बोलणं पूर्ण गेलेलं होतं, बोटाने दाखवून सांगितलं. मी एकदा "हलवू का?" विचारलं होतं. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

१९ ऑगस्ट

जमलं! निदान मला तरी तसं वाटतंय.

जागा लांबट आहे. एका अंगाला हमरस्ता — ट्रक, हॉर्न, धूळ. दुसऱ्या अंगाला तळं, तिकडे सगळं शांत. शीटवर रस्ता पश्चिमेला आणि तळं पूर्वेला. म्हणजे आयतं ताट वाढून ठेवल्यासारखंच. रस्त्याकडे ऑफिस, तपासणीच्या खोल्या, जिने. तळ्याकडे वॉर्ड. सकाळचं कोवळं ऊन पाण्यावरून खाटांवर येईल, थोडा वेळ बसेल आणि निघून जाईल. दुपारभर वॉर्ड सावलीत. कोणाच्या तोंडावर ऊन नाही. कोणाच्या बायकोला वीत-वीत कॉट ओढायला नको.

खाटा जरा तिरक्या ठेवल्या, म्हणजे मान किंचित वळवली तरी पाणी दिसेल. खिडकीची खालची कड किती उंचीवर घ्यायची ते बाबांच्या उशीवरून ठरवलं. टेप घेऊन कॉटपाशी वाकले होते तर बाबा बघत होते. "काय?" त्यांनी विचारलं. हल्ली एकेक शब्द येतो. मी म्हटलं, तुमच्यासारख्यांसाठी दवाखाना काढतेय. त्यांनी बराच वेळ बोर्डाकडे पाहिलं.

तसे वर्गातल्या सगळ्यांचेच वॉर्ड तळ्याकडे आहेत. सुबकचाही. सुबकची रेघ आणि अक्षर इतकं देखणं की त्याचं खरं नाव सरसुद्धा विसरलेत. जागेची मूळ शीट त्यानेच काढली. जुलैत सगळा वर्ग एकदाच जागेवर गेला होता. आभाळ गच्च भरलेलं, निम्मी मुलं फोटो काढण्यात दंग, सर फाटकापाशी ट्रस्टवाल्यांशी गप्पा मारत उभे. मापं घेतली ती सुबकने आणि मी — टेपचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. परत आल्यावर त्याने शीट काढली आणि आम्ही सगळ्यांनी तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून ती गिरवली. आख्खा वर्ग त्याच्या रेघांवर उभा आहे.

१६ सप्टेंबर

ज्यूरी, म्हणजे वर्गासमोर डिझाइनची तपासणी. सर म्हणाले, "वॉर्ड बरा आहे." सरांचं 'बरा' म्हणजे दुसऱ्या कोणाचं 'अप्रतिम'! नंतर जिन्यावरून झोडपून काढलं. चालेल. जिने काय, बदलता येतात.

८ ऑक्टोबर

मॉडेलसाठी तळ्याकाठची झाडं नीट बघून यायची होती. एकटीच गेले. गावाबाहेरची ती बस इतकी वळणं घेते की उतरल्यावर कुठली दिशा कुठे, काही कळत नाही. दुपार उतरणीला लागली होती. रिकाम्या प्लॉटमधून गवत तुडवत मागच्या बाजूला पोचले आणि डोळ्यांवर हात घ्यावा लागला.

सूर्य तळ्यावर होता.

आधी वाटलं, मीच गोंधळलेय. दुपारचे चार वाजून गेलेत आणि सूर्य माझ्या पूर्वेला? पाण्यावरून तिरीप उलटून अंगावर येत होती, म्हणजे ऊन वरूनही आणि खालूनही. मी उभी होते तिथे माझ्या वॉर्डातली पहिली खाट येते. तिथेच गवतात आडवी झाले. काठच्या झाडाची सावली सरकत गेली तसं ऊन पायांवर, मग पोटावर आलं. तोंडावर आलं तेव्हा उठून बसले. तो मावळेपर्यंत हलले नाही. तळ्यातच मावळला. शंकेला जागा ठेवली नाही.

शीटवरची नॉर्थ, म्हणजे उत्तरेचा बाण, उलटी आहे. थोडीथोडकी चुकलेली नाही, पूर्ण उलटी. तळं पश्चिमेला आहे. वर्गातल्या एकूण एक मुलाचा वॉर्ड दुपारच्या उन्हाकडे तोंड करून बसलाय आणि आम्ही तीन महिने एकमेकांना सांगतोय, काय सुंदर सकाळ येते बघ.

९ ऑक्टोबर

सुबकला कँटीनमध्ये गाठलं. आधी हसला. मग त्याचं तोंड उतरलं. आठवून आठवून सांगितलं त्याने — कच्च्या कागदावर बाण बरोबर होता, ट्रस्टच्या जुन्या नकाशावरून घेतलेला. पण त्या कागदावर रस्ता उजवीकडे येत होता. डावीकडून प्रवेश आला की प्लॅन वाचायला बरा वाटतो, म्हणून त्याने जागा फिरवून काढली. आणि बाण? बाण फिरवलाच नाही. सवयीने वर तोंड करून ठेवून दिला.

"नॉर्थ वरच असते ना गं," म्हणाला. पाच वर्षं शिकून.

मी म्हटलं, सरांना सांगू या. तो चहा ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

११ ऑक्टोबर

सांगितलं. सगळ्या स्टुडिओसमोरच सांगावं लागलं, सर एकटे सापडतात कुठे!

सरांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "मूळ शीट कोणी काढली?" वाटलं, सुबक आता उठेल. त्याने मिठाची गुळणी धरली. सर माझ्याकडेच बघत राहिले. मापं घ्यायला मी होते हे सगळ्यांना माहीत आहे.

"सबमिशन दीड महिन्यावर आलंय," सर म्हणाले. "सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं? तू म्हणतेस म्हणून?"

"सर, पण जागेवर सूर्य —"

"हे बघ. ही बिल्डिंग उन्हात उभी राहणार नाहीये, शीटवर उभी राहणार आहे. शीटवर जी नॉर्थ आहे ती आपली नॉर्थ. सगळ्यांना सारखी. झालं?"

"आणि ट्रस्टने खरंच बांधायचं म्हटलं तर?"

सर हसले. "ते दरवर्षी म्हणतात."

सगळ्या वर्गाचा जीव भांड्यात पडला. मला दिसलं ते, समोर दिसलं. ज्याचं-त्याचं पेन पुन्हा चालायला लागलं. पहिल्या वर्षापासून हाच माणूस आमच्या कानीकपाळी ओरडतोय — आधी जागा वाचा, मग पेन्सिल उचला. जागा वाचून आले तर म्हणे, झालं?

सुबक जाताना माझ्या बाजूने गेला नाही. लांबून वळसा घालून गेला.

१२ ऑक्टोबर

माझ्या बोर्डावर कोणीतरी खडूने सूर्यफूल काढून ठेवलंय. आजपासून हे माझं नाव.

१७ ऑक्टोबर

"सूर्यफूल, आज कुठून उगवला?" "सूर्यफूल, माझी खिडकी बघ गं, चालेल का?" हसू देत. त्यांचा मला राग नाही. खोटं बोलतेय. आहे, चांगला सणसणीत राग आहे. एकाला तरी वाटावं ना, की जाऊन बघून येऊ! बस जाते तिथे. थेट जाते.

दुपारी घरी आले. ऊन बाबांच्या छातीवर चढत होतं आणि मला त्या सगळ्या तिरक्या खाटा दिसायला लागल्या. इथे बाबा एकटे आहेत. तिथे ओळीने बाबाच बाबा, आणि खिडकीची कड बरोबर उशीच्या उंचीवर — मीच मोजून घेतलेली. बाकीच्यांनी निदान अंदाजाने चूक केलीय. माझी चूक टेप लावून केलेली आहे.

ब्लेड घेतलं आणि साइट प्लॅनवरचा बाण खरवडून काढला. ट्रेसिंगवरची शाई अशीच काढतात, हलक्या हाताने. मग नखाने घासून जागा गुळगुळीत करायची, नाहीतर नवी शाई पसरते. नवा बाण काढला, खाली तोंड केलेला. विचित्र दिसतो. पण आख्ख्या वर्गात एकट्या माझ्या शीटवर सूर्य जिथे उगवतो तिथेच उगवतो.

२३ ऑक्टोबर

जुन्या शीट बाबांच्या गादीखाली सरकवल्या. मोठे कागद सपाट राहायला घरात तेवढी एकच जागा आहे. पंचवीस वर्षांची गादी, पण इस्त्री केल्यासारखे राहतात. आई म्हणाली, "आता त्यांना तुझ्या अभ्यासावरच झोपव." बाबा हसले. अर्ध्या तोंडाने हसतात, पण हसतात.

नवं डिझाइन सोपं नाही. वॉर्ड रस्त्याकडे नेता येत नाहीत, तिथे हॉर्नने माणूस वेडा होईल. म्हणजे तळ्याकडेच हवेत आणि ऊन तर नको. बाहेरची रेघ तीच ठेवली आणि आत चौक काढला. खाटा चौकाकडे तोंड करून. तळ्याच्या बाजूला जाड भिंत आणि लांब पडवी — ऊन पडवीने सोसायचं. ज्याला बसवता येईल त्याला संध्याकाळी खुर्चीवरून पडवीत आणायचं, पाणी बघायला. चौकात एक झाड.

हे जुन्यापेक्षा चांगलं आहे. कोणाला सांगू?

४ नोव्हेंबर

सरांनी नवा प्लॅन पाहिला. बाणाकडे पाहिलं की नाही, कळलं नाही.

"पेशंटची पाठ तळ्याकडे?" म्हणाले. "पूर्वेचं ऊन सोडून त्यांना आत कोंडतेस? अमानुष आहे हे."

अमानुष! मला हसूच आलं आणि ते चुकलं. सरांना वाटलं, मी त्यांना हसले.

"सर, तळं पश्चिमेला आहे. मी बाण बदललाय."

"विषय संपलाय तो. बाहेरचे परीक्षक येतील, सगळ्या वर्गाच्या भिंतीवर नॉर्थ वर आणि एकटीची खाली. ते काय विचारतील मला? आधीचा वॉर्ड चांगला होता. हट्ट सोड आणि शीट पूर्ण कर. गेल्या वर्षासारखं करू नकोस."

गेल्या वर्षी मी काय केलं? बाबांना उचललं, धुतलं, भरवलं. आणि ते सरांना माहीत आहे.

९ नोव्हेंबर

आईची पाठ गेली. कॉट ओढता ओढता. खाली बसली ती बसलीच, उठता येईना. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस वाकायचं नाही.

१६ नोव्हेंबर

शाईची एक रेघ मारलेली नाही. सकाळी बाबा, दुपारी आई, मध्ये स्वयंपाक. बाबांना कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, चादर बदलायची — दर वेळी माझ्या शीट हलतील म्हणून ते डाव्या हाताने गादीची कड घट्ट धरून ठेवतात. मी म्हटलं, सोडा हो बाबा, त्या रद्दी आहेत. सोडत नाहीत.

आज मी कॉट ओढत होते तेव्हा म्हणाले, "मी… ओझं." दोन शब्द जोडून बोलले. वर्षात पहिल्यांदा. आणि जोडले ते हे.

आई पलीकडच्या खोलीतून ओरडली, "काही ओझं-बिझं नाही. गप पडा."

२५ नोव्हेंबर

चार दिवस राहिले. नव्या डिझाइनचे सेक्शन, म्हणजे उभे छेद, अर्धे, मॉडेल नाही, जिना अजून हवेत. सरांनी बोलावून सांगितलं, अपुऱ्या शीट मी घेणार नाही. आवाज चढवला नाही. चहा हवा का, असंही विचारलं. मला ते आवाज चढवण्यापेक्षा वाईट वाटलं.

बाहेर सुबक उभा होता. किती दिवसांनी समोर आला! म्हणाला, "जुन्या शीट आहेत ना तुझ्याकडे? पूर्ण आहेत ना?"

आहेत. गादीखाली. सपाट, स्वच्छ, शाई पूर्ण.

"मग त्याच लाव. एक बाण तर आहे गं. कोण राहायला जाणार आहे तिथे?"

त्याला म्हणाले, तुझं अक्षर सुंदर आहे, बाकी तू भेकड आहेस. तो म्हणाला, "माहीत आहे." भांडला असता तर बरं झालं असतं. मला भांडायचं होतं.

२६ नोव्हेंबर

दिवसभर मनात एकच हिशेब. हे वर्ष गेलं तर आणखी एक वर्ष. आईची पाठ आणखी एक वर्ष. माझं टेबल त्या भिंतीला आणखी एक वर्ष, म्हणजे बाबांवर ऊन आणखी एक वर्ष. कागदावरच्या खाटांवर कोणीच नाही. घरातल्या खाटेवर आहे.

२७ नोव्हेंबर

बाबांना कुशीवर वळवलं आणि शीट काढल्या. "पूर्ण?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो. पूर्ण.

मग त्याच साइट प्लॅनवर ब्लेड चालवलं. एकाच जागी दोनदा खरवडलं की ट्रेसिंग टिकत नाही. शेवटची रेघ निघाली आणि कागदही निघाला. नखाएवढं भोक. मागून पारदर्शक टेप लावली आणि तिच्यावर बाण काढला. वर तोंड केलेला, सगळ्यांसारखा.

ट्रेसिंगवरून निळ्या प्रती काढणाऱ्या प्रिंटच्या दुकानात अमोनियाचा नेहमीचा वास. दुकानदाराने शीट उजेडाला धरली. "बाणाभोवती चौकोन उमटेल हं टेपचा," म्हणाला. म्हटलं, उमटू दे.

५ डिसेंबर

परीक्षक म्हातारे होते, सावकाश बोलणारे. माझ्या भिंतीसमोर बराच वेळ थांबले. वॉर्डच्या सेक्शनवर बोट ठेवून विचारलं, "खिडकीची ही उंची कशी ठरवली?"

"उशीवरून, सर."

"घरी कोणी आजारी आहे?"

"वडील."

"वाटलंच. हे पुस्तकातून येत नाही." मग सरांकडे वळून म्हणाले, "सकाळचा उजेड फार समजून घेतलाय हिने." सरांनी मान डोलावली. काय डोलावली!

मग बोट बाणावर गेलं. टेपचा निळसर चौकोन. "आणि हे काय झालं?"

सर माझ्याकडे बघत होते. सुबक बघत होता. सगळा वर्ग बघत होता. एक वाक्य बोलायचं होतं. पाठ होतं मला.

"शाई सांडली होती, सर."

"होतं असं," परीक्षक म्हणाले आणि पुढच्या भिंतीकडे गेले.

२० डिसेंबर

पास. डिझाइनमध्ये वर्गात पहिली.

२२ डिसेंबर

पास झाल्याचं सुख नाही म्हणता येणार, पण एक काम झालं. आज टेबल मोडलं. बोर्ड कॉटखाली सरकवला, पाय माळ्यावर टाकले, आणि बाबांची कॉट सावलीच्या भिंतीला लावली. भिंतीवर माझ्या डोक्याचा तेलकट डाग आहे, इतकी वर्षं टेकत होते. आता तिथे बाबांची उशी.

तीन वाजले, ऊन आलं. आलं आणि रिकाम्या फरशीवर पडलं. आई दारात कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. "एवढंच होतं होय?" म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती. पाच वाजता बाबांना झोप लागली. तोंड उघडं टाकून झोपले होते.

कॉलेजात शीट प्रदर्शनाला लावल्यात म्हणे. मी गेले नाही. त्या वॉर्डकडे मला बघवत नाही. पण तो कागद आहे. कागदच राहील. असं मी स्वतःला रोज एकदा सांगते आणि मग बरं वाटतं.

९ जानेवारी

सरांनी ऑफिसात बोलावलं. ट्रस्टवाले प्रदर्शन बघून गेले. यंदा खरंच बांधणार आहेत. माझं. जुनं. तळ्याकडचा वॉर्ड त्यांना फार आवडला, त्याला हात लावायचा नाही म्हणाले. सरांच्या ऑफिसात सोमवारपासून मीच बांधकामाची ड्रॉइंग काढायची. सर पायापासून फाटकापर्यंत सगळं बोलले. नॉर्थबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही.

घरी सांगितलं. आई रडली. बाबांनी माझा हात धरला आणि विचारलं, "तिथे… ऊन?"

मी म्हणाले, "सकाळचं, बाबा. फक्त सकाळचं."

त्यांनी बराच वेळ शब्द जुळवले. आईकडे, तिच्या पाठीकडे बघत.

"मग… मला… तिथे ने."